लिम्फोमाच्या पेशी खरंच मेल्या का? न्यूक्लिअर रिसेप्टरवरच्या औषधांचा प्रयोग, पायरीपायरीने

एमटीटीचं (पेशींचं चयापचय रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचं) रीडिंग निम्म्यावर आलं की ‘औषधाने ५०% पेशी मारल्या’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही चूक एमएससीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत सगळीकडे दिसते. डेक्सामेथासोन, रेटिनोइक आम्ल, बेक्सारोटीन, रोझिग्लिटाझोन या औषधांच्या बाबतीत ती फार महागात पडते. ही औषधं पेशीत शिरून न्यूक्लिअर रिसेप्टरला चिकटतात आणि तो रिसेप्टर डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करतो. त्या जनुकांत पेशीचं चयापचय, विभाजन आणि मरण असं सगळंच येतं. म्हणून रीडिंग पडलं तेव्हा पेशी मेल्या, की त्यांचं विभाजन थांबलं, की नुसत्या मायटोकॉन्ड्रिया मंदावल्या, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही.

त्यात भर म्हणजे एकच औषध दोन पेशींवर उलट परिणाम करतं. डेक्सामेथासोन थायमसमधल्या कोवळ्या टी पेशींना काही तासांत मारतं, इओसिनोफिलना मारतं, पण न्यूट्रोफिलचं आयुष्य वाढवतं (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचेच प्रकार). पीपार-गॅमा (असाच एक न्यूक्लिअर रिसेप्टर) जागवणारी औषधं मोठ्या मात्रेत लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, पेशी मारतात, पण वाढीचे घटक काढून घेतलेल्या लिम्फोसाइट पेशींना तीच औषधं जास्त वेळ तगवतात, असंही दिसलेलं आहे. त्यामुळे ‘औषध पेशी मारतं’ हे वाक्य कोणती पेशी, कोणत्या अवस्थेत, किती मात्रेला हे सांगितल्याशिवाय अपुरं असतं.

पुढची सगळी मांडणी तीन प्रश्नांवर आहे. औषधाने रिसेप्टर जागवला का? पेशी मेल्या का? मरण त्या रिसेप्टरमुळेच आलं का? ते याच क्रमाने सोडवायचे. पहिल्याचं उत्तर हातात नसताना तिसऱ्याकडे उडी मारली की महिनाभराचं काम वाया जातं.

पायरी १: औषध, रिसेप्टर, विरोधक आणि खुणेचं जनुक यांचा तक्ता करा

प्लेटला हात लावण्याआधी वहीत हा तक्ता हवा (विरोधक म्हणजे रिसेप्टर रोखणारं औषध, खुणेचं जनुक म्हणजे रिसेप्टर जागा झाला की वाढणारं जनुक):

- डेक्सामेथासोन: ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (जीआर). विरोधक मिफेप्रिस्टोन. खुणेची जनुकं गिल्झ आणि एफकेबीपी५.
- ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजे एट्रा: रेटिनोइक आम्ल रिसेप्टर (आरएआर). विरोधक बीएमएस४९३. खुणेचं जनुक सीवायपी२६ए१.
- बेक्सारोटीन: रेटिनॉइड एक्स रिसेप्टर (आरएक्सआर). विरोधक यूव्हीआय३००३. खुणेचं जनुक एबीसीए१.
- रोझिग्लिटाझोन किंवा पायोग्लिटाझोन: पीपार-गॅमा. विरोधक जीडब्ल्यू९६६२. खुणेचं जनुक एफएबीपी४.

बेक्सारोटीनच्या ओळीपाशी जरा थांबा. आरएक्सआर बहुतेक वेळा एकटा काम करत नाही, दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करतो. पीपार किंवा एलएक्सआर (हाही न्यूक्लिअर रिसेप्टर) यांच्याशी जोडी असेल तर नुसत्या बेक्सारोटीननेही ती जोडी जागी होते. आरएआर किंवा व्हिटॅमिन डी रिसेप्टरशी जोडी असेल तर जोडीदाराचं औषध असल्याशिवाय बेक्सारोटीनचा प्रभाव फारसा दिसत नाही. म्हणून ‘बेक्सारोटीनने मारलं’ हे सिद्ध झालं तरी कोणत्या जोडीतून मारलं हा प्रश्न शिल्लक राहतो. पीपार-गॅमा आणि आरएक्सआरची औषधं एकत्र देऊन बघण्याचा आग्रह याच कारणाने धरतात.

मात्रा ठरवताना औषध रिसेप्टरला किती मात्रेत चिकटतं ते आधी बघा. डेक्सामेथासोनसाठी ती काही नॅनोमोलर आहे; १०० नॅनोमोलरला जीआर जवळजवळ पूर्ण भरतो. रोझिग्लिटाझोन पीपार-गॅमाला साधारण ५० नॅनोमोलरच्या आसपास चिकटतं. सीरममधलं अल्ब्युमिन ही औषधं धरून ठेवतं, त्यामुळे प्लेटमध्ये थोडी जास्त मात्रा लागते हे खरं. पण १ मायक्रोमोलरला पेशी ठणठणीत असतील आणि ५० मायक्रोमोलरला मरत असतील, तर ते मरण पीपार-गॅमाच्या खात्यावर टाकायचं धाडस करू नका.

> सावध: १५-डी-पीजीजे२ हे पीपार-गॅमाचं ‘नैसर्गिक’ औषध म्हणून सर्रास वापरलं जातं. पण ते प्रथिनांच्या सिस्टीनशी थेट रासायनिक बंध करतं, एनएफ-कॅपा-बी हा पेशी तगवणारा मार्ग रोखतं आणि पेशीतलं ग्लुटाथायॉन (पेशीचं रक्षण करणारा रेणू) खाली आणतं. फक्त त्याच्या जोरावर रिसेप्टरबद्दल निष्कर्ष काढू नये. सोबत रोझिग्लिटाझोन हवंच.

पायरी २: पेशी निवडा आणि त्यांची ओळख पटवा

जुर्कॅट ही पेशींची लाइन (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणारा पेशींचा वाण) सहज मिळते, भराभर वाढते, म्हणून प्रत्येक प्रयोगात तीच घेतली जाते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुर्कॅट ही टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियाची लाइन आहे. शीर्षकात ‘लिम्फोमा’ लिहून आत जुर्कॅट वापरू नका. दुसरं म्हणजे तिच्यात कामाचा जीआर इतका कमी असतो की डेक्सामेथासोनने ती मरत नाही. पण हाच तिचा उपयोग आहे! ती नकारात्मक कंट्रोल म्हणून उत्तम, कारण बाहेरून जीआर घातला की तीच पेशी डेक्सामेथासोनला बळी पडते.

डेक्सामेथासोनसाठी संवेदनशील पेशी हवी असेल तर सीईएम-सी७ घ्या. तिची भावंड सीईएम-सी१ त्याच मूळ लाइनमधून आलेली आहे आणि मरत नाही. ही जोडी शेजारीशेजारी लावली की तुलना फार स्वच्छ होते. (याही ल्युकेमियाच्याच.) मूळ सीसीआरएफ-सीईएम मात्र मिश्र असते. प्रत्येक लॅबमधली थोडी वेगळी वागते, तेव्हा दुसऱ्याच्या पेपरमधले आकडे तिच्यावर लादू नका. बेक्सारोटीनसाठी त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाची हट ७८ योग्य, कारण हे औषध त्याच आजारासाठी वापरतात. बी-पेशींचा लिम्फोमा हवा असेल तर राजी किंवा दाउदी आहेत.

महाराष्ट्रातल्या लॅबना पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) पेशी भांडारातून लाइन मागवता येतात. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उचलून आणण्यापेक्षा तो मार्ग धरा. आणलेली लाइन कोणाचीही असो, एसटीआर (डीएनएच्या ठशाच्या) तपासणीने ओळख पटवा आणि लगेच १० ते १५ व्हायल गोठवून ठेवा. प्रयोगाचे सगळे फेरे जवळजवळच्या पॅसेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांमध्ये) संपवायचे.

> तपासा: मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूची पीसीआर चाचणी निगेटिव्ह आहे ना? मायकोप्लाझ्मा एमटीटीचं रीडिंगही बदलतो आणि पेशीची मरणाची तयारीही. माध्यम गढूळ होत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, म्हणून चाचणीला पर्याय नाही.

पायरी ३: सीरम आधी सोडवा

या प्रयोगातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये कॉर्टिसॉल असतं, रेटिनॉल असतं, मेदाम्लं असतात. म्हणजे जीआर, आरएआर आणि पीपार या तिघांनाही लागणारा माल बाटलीतच आहे. तुम्ही ‘औषध नाही’ म्हणून लावलेल्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) रिसेप्टर अर्धवट जागा असतो. मग औषध दिल्यावर फरक कमी दिसतो आणि आपण ‘परिणाम नाही’ असं लिहितो.

उपाय: कोळसा-डेक्स्ट्रानने धुतलेलं सीरम. ५६ अंशांना तापवून निष्क्रिय केलेलं सीरम वेगळं. तापवल्याने संप्रेरकं जात नाहीत. या दोन बाटल्यांत गफलत होते तेवढी दुसऱ्या कशात होत नाही.

धुतलेल्या सीरमला पेशी कुरकुरतात, कारण कोळसा वाढीचे काही घटकही ओढून घेतो. म्हणून थेट प्लेटवर बदल करू नका:

१. आरपीएमआय-१६४० या माध्यमात १०% नेहमीच्या सीरमवर पेशी जोमात वाढू द्या.
२. प्रयोगाच्या आधी २४ ते ४८ तास त्यांना १०% धुतलेल्या सीरमच्या माध्यमात हलवा.
३. या मुदतीनंतर ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजा. जिवंत पेशी ९५% च्या खाली असतील तर थांबा. तशा पेशींवर प्रयोग लावू नका.
४. सगळे फेरे होईपर्यंत पुरेल इतकं एकाच लॉटचं सीरम बाजूला काढून ठेवा.

फिनॉल रेडची चिंता इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या कामात करायची. इथल्या चार रिसेप्टरसाठी त्यापायी वेगळं माध्यम विकत घ्यायची गरज नाही.

पायरी ४: औषधांचे स्टॉक

पावडर तोलायच्या आधी एक सूचना, आणि ती गांभीर्याने घ्या. एट्रा आणि बेक्सारोटीन दोन्ही गर्भाला अपाय करतात. गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या सहकाऱ्याने ही पावडर हाताळू नये. बाकीच्यांनी हूडमध्ये, हातमोजे घालून तोलावी. डीएमएसओ या द्रावकातलं औषध त्वचेतून आत जातं, म्हणून मोज्यावर थेंब पडला तर मोजा तेव्हाच बदला.

डेक्सामेथासोनचा रेणुभार ३९२.५. म्हणजे ३.९२५ मिग्रॅ पावडर १ मिलि डीएमएसओमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक झाला. बेक्सारोटीनचा ३४८.५, एट्राचा ३००.४, रोझिग्लिटाझोनचा ३५७.४, हिशेब तोच. विकत घेतलेली पावडर क्षाराच्या रूपात असेल तर बाटलीवरचा रेणुभार धरा. रोझिग्लिटाझोन मॅलिएटचा रेणुभार वेगळा येतो आणि हिशेब तिथेच चुकतो.

स्टॉक लहान-लहान नळ्यांत भरून -८० अंशांना ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. एट्रा उजेडात बिघडतं. गडद नळी, वर फॉइल, हूडचा पांढरा दिवा बंद, प्लेटही झाकलेली, हे सगळं पाळायला लागतं. खिडकीशेजारी ठेवून विरघळवलेल्या एट्राने ‘काम केलं नाही’ तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा, डीएमएसओ. मात्रा कितीही असो, प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखंच हवं, साधारण ०.१%. यासाठी मात्रांची उतरंड माध्यमात करू नका, डीएमएसओतच करा. उदाहरणार्थ १ मायक्रोमोलर हवं आहे. १ मिलिमोलरच्या स्टॉकमधून २ मायक्रोलिटर घेऊन १ मिलि कोमट माध्यमात टाका आणि लगेच ढवळा: झालं २ मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.२%. हे १०० मायक्रोलिटर आणि पेशींचं माध्यम १०० मायक्रोलिटर एकत्र आलं की १ मायक्रोमोलर आणि ०.१%. पुढची मात्रा १०० नॅनोमोलर असेल तर ०.१ मिलिमोलरच्या स्टॉकमधून तेच २ मायक्रोलिटर.

> सावध: स्टॉक थेट वेलमध्ये सोडू नका. डीएमएसओचा थेंब तळाशी बसतो, तिथल्या पेशी क्षणभर हजारपट मात्रेत न्हाऊन निघतात, आणि रेटिनॉइडसारखी तेलकट औषधं स्फटिक होऊन प्लास्टिकला चिकटतात.

पायरी ५: तुलनेसाठी निरोगी पेशी

लिम्फोमाच्या पेशी मेल्या, पण शेजारच्या निरोगी लिम्फोसाइटचं काय झालं? हे न विचारता केलेला प्रयोग अर्धाच राहतो. रक्त घेण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि रक्तदात्याची लेखी संमती हवी. दात्याला विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत: स्टेरॉइडची गोळी, दम्याचा पंप, त्वचेचं मलम, नाकातला स्प्रे यांतलं काही चालू आहे का? पंप आणि मलम लोक ‘औषध’ म्हणून सांगत नाहीत, तेव्हा नाव घेऊन विचारा. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं, म्हणून सगळ्या दात्यांचं रक्त एकाच वेळी, शक्यतो सकाळी घ्या.

१. रक्तात तेवढंच पीबीएस (पेशी धुण्याचं खारं द्रावण) मिसळा.
२. १.०७७ घनतेच्या फायकॉल द्रावणावर नळी तिरकी धरून हलकेच सोडा. थर मिसळला तर पुन्हा सुरुवात.
३. ४०० जी, ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद ठेवून फिरवा. ब्रेक चालू राहिला तर थर विस्कटतो.
४. मधला पांढुरका थर, म्हणजे पीबीएमसी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी), उचला. दोनदा धुवा, दुसऱ्यांदा २०० जीला, म्हणजे प्लेटलेट निघून जातील.
५. मोजा. निरोगी प्रौढाच्या १ मिलि रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात.

दुसऱ्या धुण्याची टाळाटाळ करू नका. प्लेटलेट ॲनेक्सिनला (मरणाऱ्या पेशी ओळखायला वापरतात त्या प्रथिनाला) चिकटतात, आणि प्लेटलेट लागलेली लिम्फोसाइट मरणाऱ्या पेशीसारखी दिसते.

पीबीएमसीचे दोन गट करा: शांत आणि उद्दीपित. शांत लिम्फोसाइट प्लेटमध्ये औषधाविनाही हळूहळू मरतात. उद्दीपित करायला पीएचए किंवा सीडी३-सीडी२८ प्रतिपिंडं वापरा. इथे डेक्सामेथासोनचा एक सापळा आहे. ते टी पेशींचं आयएल-२ (त्यांना वाढवणारं प्रथिन) बनवणंच दाबून टाकतं. पेशी वाढत नाहीत, संख्या कमी दिसते, आणि आपण ‘मारल्या’ म्हणतो. म्हणून एका ओळीत बाहेरून आयएल-२ घाला. त्याने संख्या सावरली तर पेशी मेल्या नव्हत्या, उपाशी होत्या.

पायरी ६: प्लेट लावणं

पेशी वाढीच्या जोमात हव्यात, मिलिला ३ ते ८ लाखांच्या दरम्यान. माध्यम पिवळं पडलेल्या, दाटीवाटीच्या फ्लास्कमधून पेशी घेतल्या तर कंट्रोलमध्येच मरण दिसणार.

१. ९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये फक्त पीबीएस भरा. तिथलं पाणी आधी उडतं आणि मात्रा वाढते.
२. आतल्या प्रत्येक वेलमध्ये २० हजार पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये. ॲनेक्सिनसाठी वेगळी २४ वेलची प्लेट, मिलिला २ लाख.
३. ज्या वेलमध्ये विरोधक जाणार तिथे तो आधी घाला आणि १ तास थांबा. बाकी सगळ्या वेलमध्ये तेवढंच डीएमएसओ. म्हणजे विरोधकाचं आणि औषधाचं धरून एकूण डीएमएसओ ०.२% होतं, तेच सगळीकडे राहू द्या.
४. मग दुप्पट ताकदीचं औषधाचं माध्यम.
५. वेळ शून्यची एक प्लेट त्याच क्षणी मोजा. हिच्याशिवाय ‘वाढ थांबली’ आणि ‘संख्या घटली’ यांत फरक करताच येत नाही.

विरोधकाचा आकारमान-हिशेब पहिल्याच मांडणीत धरा. बरेच जण १०० अधिक १०० मध्ये तो विसरतात आणि शेवटची मात्रा ठरवल्यापेक्षा कमी भरते.

कंट्रोल पाच: पेशी नसलेलं माध्यम, नुसत्या पेशी, डीएमएसओ दिलेल्या पेशी, नुसता विरोधक, आणि नक्की मारणारं काहीतरी, उदा. १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन. ‘नुसता विरोधक’ गाळू नका. जीडब्ल्यू९६६२ जास्त मात्रेत स्वतःच वाढ रोखतं.

वेळा: ६, २४, ४८ आणि ७२ तास. एट्रा दिलेल्या पेशी सीवायपी२६ए१ वाढवून ते औषध स्वतःच मोडतात, म्हणून ४८ तासांनी एट्राचं ताजं माध्यम द्या. कंट्रोललाही ताजंच द्यायचं.

पायरी ७: सहा तासांनी, रिसेप्टर जागा झाला का?

७२ तासांची वाट बघण्याआधी ६ तासांच्या पेशींतून आरएनए काढा आणि तक्त्यातली खुणेची जनुकं क्यूपीसीआरने मोजा. सीईएम-सी७ मध्ये डेक्सामेथासोनने गिल्झ आणि एफकेबीपी५ वाढले पाहिजेत, आणि मिफेप्रिस्टोन आधी दिलं असेल तर ती वाढ दबली पाहिजे.

वाढ नाही? मग पुढे जाऊ नका. क्रमाने शोधा: स्टॉक बिघडला का, रिसेप्टर पेशीत आहे का (वेस्टर्न या प्रथिनं दाखवणाऱ्या चाचणीत जीआरची पट्टी साधारण ९४ किलोडाल्टनला), सीरम न धुतलेलं तर नाही ना?

> तपासा: जनुक वाढलं पण पेशी मेल्या नाहीत, हाही खरा निकाल आहे. रिसेप्टर काम करतो, पण मरणाचा मार्ग पुढे कुठेतरी अडला आहे. ‘रिसेप्टर नाही म्हणून औषध चालत नाही’ असं अशा वेळी लिहिणं चूक ठरेल.

पायरी ८: जगणं, वाढणं, मरणं वेगवेगळं मोजा

सुरुवातीला १ लाख पेशी. ७२ तासांनी कंट्रोलमध्ये ८ लाख, औषधाच्या वेलमध्ये २ लाख, आणि त्यांतल्या मेलेल्या फक्त ५%. एमटीटी सांगेल: २५%. वहीत जाईल: ‘७५% पेशी मेल्या’. प्रत्यक्षात पेशी एकदा दुप्पट झाल्या आणि थांबल्या. मेलं जवळजवळ कोणी नाही. दुकानाचा गल्ला कमी भरला याचा अर्थ चोरी झाली असा नसतो, गिऱ्हाईक कमी आलं असंही असू शकतं.

म्हणून तीन मोजमापं एकाच दिवशी करा.

पहिलं, मोजणी. ट्रिपॅन ब्लू, जिवंत आणि मृत वेगळे, प्रत्यक्ष संख्या लिहा. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण ७२ तासांत मेलेल्या पेशी फुटून नाहीशा होतात आणि उरलेल्यांत जिवंतांचं प्रमाण चांगलं दिसतं.

दुसरं, ॲनेक्सिन-पीआय (पीआय हा आवरण फाटलेल्या पेशींतच शिरणारा रंग). इथे हात जपून चालवायला हवा. वेलमधलं सगळं गोळा करा, वरचं माध्यमसुद्धा. तरंगणारे तुकडे टाकून दिले तर मेलेलेच टाकले जातात. पेशी थंड पीबीएसने धुवा. बंधनद्रावणात २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असलंच पाहिजे, कारण ॲनेक्सिन कॅल्शियमविना चिकटत नाही. त्यामुळे धुण्याच्या द्रावणात ईडीटीए राहिलं तर सगळ्या पेशी ‘जिवंत’ दिसतात. १५ मिनिटं अंधारात ठेवा, आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी रंगावरून मोजणाऱ्या मशीनवर) चढवा. पेशी स्थिर करून उद्यावर टाकू नका.

मशीनवरची मोठी चूक गेटिंगची, म्हणजे आलेखावर कोणत्या पेशी मोजायच्या ती चौकट आखण्याची. मरणारी लिम्फोसाइट आक्रसते आणि आलेखात डावीकडे सरकते. गोल, मोठ्या, देखण्या पेशींभोवती गेट काढला की मरणाऱ्या बाहेर राहिल्या. गेट रुंद ठेवा, फक्त अगदी कोपऱ्यातला कचरा वगळा, आणि तोच गेट सगळ्या नमुन्यांना लावा. पीबीएमसीत सीडी३ आणि सीडी१९ ची खूण लावून टी आणि बी पेशी वेगळ्या वाचा. एकेरी रंगाचे कंट्रोल आणि स्टॉरोस्पोरिनची नळी नसेल तर रेषा कुठे आखायची हे अंदाजावरच राहतं.

तिसरं, एमटीटी. हरकत नाही, करा, पण चयापचयाचं मोजमाप म्हणून. पीपार-गॅमाची औषधं पेशीचं ऊर्जाकारण बदलतात, त्यामुळे पेशींची संख्या तीच राहून रीडिंग वर-खाली होऊ शकतं. तरंगत्या पेशींमध्ये आणखी एक गोष्ट: ३-४ तासांनी माध्यम ओतून टाकण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावीच लागते, नाहीतर जांभळे स्फटिक पेशींसकट सिंकमध्ये जातात. ५७० नॅनोमीटरला वाचा आणि पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग वजा करा.

विभाजन थांबलं का हे नेमकं पाहायचं असेल तर सीएफएसई रंग (दर विभाजनाला निम्मा होणारा) किंवा पेशीचक्राचा पीआय आलेख. सीईएम-सी७ मध्ये डेक्सामेथासोन आधी पेशी जी१ मध्ये (डीएनएची प्रत बनण्याआधीच्या टप्प्यात) अडवतं. मरण साधारण पहिल्या २४ तासांनंतरच सुरू होतं. म्हणून फक्त २४ तासांचं रीडिंग घेऊन ‘परिणाम नाही’ म्हणू नका. उलट बाजूही पाहा: लिम्फोमाची पेशी औषध दिल्यावर दोन-तीन तासांतच मरत असेल तर संशय घ्या. जनुक चालू होऊन प्रथिन बनायलाच वेळ लागतो. इतक्या झटपट मरणाचं कारण बहुधा औषधाची विषारी मात्रा असते.

पायरी ९: मरण त्या रिसेप्टरमुळेच आलं का?

१. विरोधकाने मरण थांबलं का? १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोनसमोर १ मायक्रोमोलर मिफेप्रिस्टोन, म्हणजे दहापट. जीडब्ल्यू९६६२ रिसेप्टरला कायमचं चिकटतं, पण जागा मोकळी असेल तरच. म्हणून ते आधी द्यायचं. गिल्झ किंवा एफएबीपी४ दबलं आणि तरीही पेशी मेल्या, तर मरण रिसेप्टरबाहेरचं आहे. विरोधकाने काम केलं हे जनुकावरून आधी दिसल्याशिवाय हा निष्कर्ष काढता येत नाही.

२. त्याच रिसेप्टरच्या, पण वेगळ्या रचनेच्या दुसऱ्या औषधाने तेच होतं का? रोझिग्लिटाझोनबरोबर पायोग्लिटाझोन देऊन काम भागत नाही. दोघांची चौकट एकच आहे.

३. रिसेप्टर काढून टाकला तर? लिम्फोसाइटमध्ये साध्या लिपिड पद्धतीने एसआय-आरएनए (जनुक दाबणारा आरएनए) नीट जात नाही. इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने आत घालणं) लागतं आणि त्यानेही पेशी मरतात. जमत असेल तर क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने रिसेप्टर काढलेली कायमची लाइन जास्त भरवशाची. तेवढी सोय नसेल तर सी७ आणि सी१, किंवा सी७ आणि जुर्कॅट ही तुलना मांडा, पण ती पुरावा म्हणून दुबळी आहे हेही लिहा.

४. मरणाचा प्रकार. कास्पेस (पेशीला मारणारी एन्झाइमं) रोखणारं झेड-व्हॅड २० ते ५० मायक्रोमोलर आधी देऊन पाहा. वेस्टर्नमध्ये पार्प (कास्पेस तोडतात ते प्रथिन) ११६ वरून ८९ किलोडाल्टनला तुटलेलं दिसावं. डेक्सामेथासोनच्या मरणात बिम हे प्रथिन वाढलेलं पाहायला मिळतं. त्याची पट्टी सोबत लावली की साखळी जोडली जाते: जीआर, मग बिम, मग कास्पेस.

पायरी १०: आकडे मांडणं

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एका दिवशीचे सहा वेल मिळून एकच आकडा धरायचा. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशी वितळवून किंवा वेगळ्या पॅसेजवर किमान तीनदा करा. पीबीएमसीत प्रत्येक दाता म्हणजे एक आकडा, आणि त्याच दात्याच्या औषध-कंट्रोलची जोडी लावून तुलना.

कंट्रोलमधलं आपसूक मरण वजा करायचं सूत्र: (औषधातलं मरण − कंट्रोलमधलं मरण) भागिले (१०० − कंट्रोलमधलं मरण), गुणिले १००. कंट्रोलमध्ये २०% आणि औषधात ४४% असेल तर २४ भागिले ८०, म्हणजे ३०%. नुसती वजाबाकी करून २४% लिहिलं तर शांत पीबीएमसी, जिथे आपसूक मरण जास्त असतं, कायम कमी संवेदनशील भासतात.

दोन औषधं एकत्र दिली असतील तर ‘जास्त मेल्या’ एवढ्यावरून परस्परपूरक म्हणू नका. एकटं रोझिग्लिटाझोन २०% आणि एकटं बेक्सारोटीन ३०% मारत असेल, तर दोघं स्वतंत्रपणे काम करत असतानाही एकत्रित ४४% अपेक्षित आहे (५० मधून दोघांच्या गुणाकाराचे ६ वजा). तुमचा आकडा सगळ्या फेऱ्यांत त्याच्या स्पष्ट वर असेल तरच पूरक परिणामाचा दावा करा.

आलेखाखाली या गोष्टी लिहा: लाइनचं नाव आणि पॅसेज, सीरम धुतलेलं की नेहमीचं आणि किती टक्के, डीएमएसओ किती, वेळ, सुरुवातीची पेशीसंख्या, कंट्रोलमधलं मरण. आणि वाक्य मोजमापाच्या मर्यादेत ठेवा. एमटीटी केलं असेल तर ‘चयापचय क्रिया घटली’. मोजणी केली असेल तर ‘जिवंत पेशींची संख्या घटली’. ॲनेक्सिन, कास्पेस आणि विरोधक तिन्ही जुळले असतील तर ‘जीआरमार्फत अपॉप्टोसिस’ (पेशीचं आतून ठरवून आलेलं मरण).